टोपीची पाळी

सुलेखावहिनींचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून नुकताच घरात आलो होतो. अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी, शनिवारची सकाळ, आणि शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या थंडीने बोटं इतकी बधिर झाली होती की रिसीव्हर नीट धरता येईना. फोन हातात देताना माझी बायको नीला हळूच म्हणाली, "तुझ्याशीच बोलायचंय म्हणते." त्यांचा नवरा, माझा मित्र प्रसन्न, जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्या काळात वहिनी माझ्याशी एकट्याशी कधी बोलल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर मीच ती वेळ येऊ दिली नव्हती.

"भावजी, एक काम होतं," त्या म्हणाल्या. "दीपाला प्रसन्नचा आवाज आठवत नाहीये."

दीपा त्यांची मुलगी, सात वर्षांची. आदल्या दिवशी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, आय कान्ट हिअर बाबा एनी मोअर." वहिनींना आधी वाटलं, काहीतरी खेळातलं बोलतेय. मग लक्षात आलं की पोरगी मनातल्या मनात बाबाला बोलायला लावून बघत होती आणि तो बोलत नव्हता.

"तुमच्याकडे तुम्ही दोघांनी केलेल्या त्या सगळ्या टेपा आहेत ना? साठ-सत्तर तरी असतील. त्यात कुठेतरी तो बोलला असेल. दोन वाक्यं मिळाली तरी पुष्कळ झालं मला."

"बघतो, वहिनी," मी म्हणालो. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी फटकन सांगून टाकलं असतं, की नाही, त्यात त्याचा आवाज नाही. कारण तो नसावा याची व्यवस्था मीच केली होती.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या स्वतःच्या घरात नवऱ्याचा आवाज नसावा हे कसं काय? तर नव्हता. आन्सरिंग मशीन प्रसन्नला आवडायचं नाही. व्हिडिओ कॅमेरा आमच्यात कोणाकडे नव्हता. नागपूरला आईला तो पत्राऐवजी कॅसेट पाठवायचा, तेव्हा बरेच जण पाठवायचे, पण कॅसेट एकच. हा इकडून तासभर बोलणार, आई ती चार वेळा ऐकणार, आणि मग त्याच टेपवर आपलं बोलणं भरून परत पाठवणार. नवी कॅसेट कशाला उगाच? तो गेला तेव्हा कॅसेट इकडे आलेली होती. दोन्ही बाजूंना आईच. लिंबाचं लोणचं, शेजारच्यांचं लग्न, आणि "तू काय म्हणालास ते सगळं कळलं हो बाळा". तो काय म्हणाला होता ते पुसलेलं.

आमची ओळख झाली अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत. इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. तिसरं नाट्यगीत सुरू झालं तसा मी बायकोचा डोळा चुकवून पार्किंगमध्ये सटकलो. तिथे एका जुन्या डॉजमध्ये एक जाडा चष्मेवाला माणूस कारच्या टेपवर 'ग्रे फेरी' ऐकत बसला होता. आता हा बँड फार कोणाला माहीत असायचं कारण नाही. उत्तर इंग्लंडमधल्या एका बंदरगावचे पाच जण. इंग्लंडात त्यांचं बऱ्यापैकी नाव होतं, अमेरिकेत छोट्या हॉलांपुरतं. पुण्यात माझ्या होस्टेलच्या एका मित्राचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेल्या कॅसेटवर मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं आणि कामातून गेलो. आणि इथे, समोशांच्या वासात, हा माणूस माझ्या बँडच्या तालावर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. मी काचेवर टकटक केली. त्याने दार उघडलं, नाव विचारलं नाही, नुसतं म्हणाला, "बस. पुढचं भारी आहे."

मी पुण्याचा, तो नागपूरचा. एरवी आमचं दहा मिनिटं पटलं नसतं. मी तापट, तोंडाने फटकळ. तो शांत, सगळ्याला "बरं बाप्पा" म्हणणारा. पण ग्रे फेरी अमेरिकेत आले की आम्ही दोघं सुट्टी टाकून निघायचो. मिलवॉकी, डेट्रॉइट, सेंट लुइस, क्लीव्हलँड. थर्मासमध्ये चहा, डब्यात पुऱ्या, आठ-आठ तास ड्राइव्ह. गाण्यांना आम्ही आमची नावं ठेवली होती. 'बोटीचं', 'म्हाताऱ्याचं', 'ते रडकं'. आणि सगळ्यात वरचं, 'अकरा मिनिटांचं'. ते त्यांच्या दुसऱ्या रेकॉर्डवर होतं आणि अमेरिकेत त्यांनी ते एकदाही वाजवलं नव्हतं. दर वेळी आम्ही आशेने जायचो आणि हात हलवत परत यायचो.

शो टेप करायची कल्पना प्रसन्नची. परवानगी अर्थातच नसायची. त्याने बेसबॉल टोपीच्या आत दोन छोटे माइक शिवले, कानांच्या वर एकेक. वायर कॉलरमधून खाली बॅगेत, बॅगेत रेकॉर्डर. वर नीलाचा पुऱ्यांचा डबा आणि लसणाची चटणी. गेटवरचा गार्ड बॅग उघडायचा, नाक मुरडायचा आणि पटकन बंद करून द्यायचा. टोपी कधी याच्या डोक्यावर, कधी माझ्या. एक शो त्याचा, एक माझा, अशी पाळी होती.

टोपीची पाळी म्हणजे शिक्षा. टोपीवाल्याने मान वळवायची नाही, टाळी वाजवायची नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. दोन तास पुतळा. दुसऱ्याला मोकळीक, त्याने लांब जाऊन नाचावं, ओरडावं, पण टोपीजवळ एक शब्द बोलायचा नाही. हा नियम माझा. आणि तो मी असा पाळायला लावायचो की काय सांगू. क्लीव्हलँडला शेजारचा एक गोरा सारखा शिट्ट्या मारत होता, त्याला मी भांडून तीन रांगा मागे पाठवला. प्रसन्न घरी येईपर्यंत हसत होता.

एवढ्यावर माझं समाधान नव्हतं. घरी आल्यावर मी टेप साफ करायचो. म्हणजे दोन टेपडेक जोडायचे, एका कॅसेटवरून दुसरीवर शो उतरवायचा, आणि मध्ये कुठे आमचं बोलणं, खोकणं, "आता आलं बघ" असलं काही आलं की पॉजचं बटण दाबून ते उडवायचं. नुसती गाणी राहिली पाहिजेत. मूळ कॅसेट पुढच्या शोला पुन्हा वापरायची. कॅसेटच्या पाठीवर त्या दोन छोट्या पाकळ्या असतात ना, तोडल्या की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही, त्या मी कधी तोडत नसे. इंजिनिअर माणूस, वाया काही घालवायचं नाही.

आमच्या टेपांचं नाव झालं होतं. ओहायोतला एक पोस्टमन, मिलवॉकीची एक नर्स, ऑरेगनमधला कोणी सुतार, अशी पंधरा-वीस वेडी माणसं होती; आम्ही एकमेकांना पोस्टाने कॉप्या पाठवायचो. त्या पोस्टमनने एकदा लिहिलं होतं, तुमच्या टेपेत माणसंच ऐकू येत नाहीत, देव तुमचं भलं करो. ती चिठ्ठी मी बेसमेंटच्या भिंतीवर चिकटवली. किती फुशारकी होती मला त्याची.

तर वहिनींचा फोन आल्यावर त्या चिठ्ठीखाली बसून मी त्रेसष्ट टेपा ऐकल्या. शनिवार, रविवार, मग रोज ऑफिसातून आल्यावर. हेडफोन लावून, गाणी पुढे पळवत, गाण्यांच्या मधल्या जागा, टाळ्यांच्या आतलं, सगळं. कुठेतरी माझा हात चुकला असेल, कुठेतरी पॉज उशिरा दाबला गेला असेल. गुरुवारपर्यंत मला 'सेंट लुइस, ब्याऐंशी'मध्ये अर्धी शिंक सापडली. तीसुद्धा बहुतेक माझीच.

नीला पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. "मिळालं काही?"

"नाही."

"सगळ्या झाल्या?"

"सगळ्या."

ती तिथेच उभी राहिली. आम्हाला दोघांनाही माहीत होतं की चौसष्टावी टेप आहे. ती माझ्या कपाटात, मोज्यांच्या खणात, दीड वर्ष पडून होती. साफ न केलेली. मी ती ऐकलीच नव्हती.

सतरा ऑगस्ट शहाऐंशी. रविवार. विस्कॉन्सिनमध्ये टेकडीच्या उतारावर उघडं थिएटर, चार-पाच बँड, आणि ग्रे फेरी सगळ्यात शेवटी, दुपारी तीन ते साडेचार. त्यांचा कीबोर्डवाला बँड सोडणार होता, म्हणून या दौऱ्यात ते 'अकरा मिनिटांचं' वाजवताहेत अशी बातमी होती. नर्सने मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. आणि पाळी माझी होती.

मी जाताना गाडीत रड लावली. आठ वर्षं वाट बघितली, आणि आता ते गाणं मी पुतळ्यासारखं बसून ऐकायचं? पश्या, आज टोपी तू घाल. पुढच्या दोन्ही पाळ्या माझ्या. तो म्हणाला, "अरे, मलाही गायचंय ते." मी म्हणालो, तुला कुठे गाता येतं. तो हसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "बरं बाप्पा, घे. तू थोडीच ऐकणार आहेस." सकाळपासून त्याला ॲसिडिटी वाटत होती. पेट्रोल भरताना त्याने गोळ्या घेतल्या. मी त्याला म्हणालो, जरा कमी खात जा. आणि डब्यातल्या पुऱ्या मीच संपवल्या.

ऊन मरणाचं होतं. एक तास छान गेला. कॅसेटची बाजू मी बदलली. मग कीबोर्डवर ते तीन सूर वाजले आणि मी उठलो. स्टेजसमोर कठडा होता, तिथे धावत जायचं, टोपीपासून लांब, आणि घसा फुटेस्तोवर गायचं. तेवढ्यात प्रसन्नने माझी बाही धरली.

"शैल्या, अरे ऐक ना, मला जरा..."

मी ओठांवर बोट ठेवलं. "श्श."

त्याने बाही सोडली. मी गेलो. अकरा मिनिटं मी गायलो, शेजारच्या अनोळखी माणसांच्या गळ्यात पडलो, रडलो. त्यानंतर आणखी दोन गाणी झाली, तीही मी तिथेच ऐकली. एकदा मागे वळून पाहिलं तेव्हा तो जागेवर बसलेला होता, मान ताठ, टोपी सरळ. मला वाटलं, शाब्बास रे पठ्ठ्या.

परत आलो तेव्हा त्याचा शर्ट पाठीपासून पोटापर्यंत ओला होता. पुढचं सगळं तासाभरात झालं. मी धावलो, माणसं आली. पण त्याआधी मी त्याच्या डोक्यावरची टोपी काढून बॅगेत टाकली, माइक कोणाला दिसू नयेत म्हणून. हेही मी केलं. सगळं थिएटर एकदम सुटलेलं, रस्ता गाड्यांनी तुंबलेला, ॲम्ब्युलन्सला वर यायला वेळ लागला. ती हॉस्पिटलच्या दारात पोचली तेव्हा तो गेलेला होता. चौतीस वर्षांचा होता. तिथल्या डॉक्टरबाईंना मी विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. नाही म्हणाल्या असत्या तर मी कदाचित झोपू शकलो असतो.

आणि वहिनींना मी सांगितलं, "शो संपला, उठलो, आणि अचानक कोसळला. काही बोललाच नाही." हे मी हॉस्पिटलच्या फोनवर सांगितलं, नंतर त्यांच्या घरी सांगितलं, बाराव्याला आलेल्या लोकांना सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की सांगताना अडखळायचंही बंद झालं.

शुक्रवारी मी ती टेप डेकमध्ये घातली.

पहिली चार मिनिटं पार्किंगमधली आहेत. प्रसन्न माइक तपासतोय. "टेस्टिंग, टेस्टिंग. आज सतरा ऑगस्ट, वार रविवार. शैलेंद्र आठवी पुरी खात आहे याची कृपया नोंद घ्यावी." मग माझा भरल्या तोंडाचा आवाज, मग त्याचं ते हसणं, आधी नाकातून आणि मग एकदम पोटातून. मग, "अरे, दीपूला निळा फुगा न्यायचाय. गेटवर विकत होता तो बाबा. आठवण कर हां मला. नाहीतर ती घरात घेणार नाही." आणि मी, "बास आता, टेप फुकट घालवू नको." मी डेक बंद केला आणि तोंडात रुमाल कोंबला, वर ऐकू जाऊ नये म्हणून. त्याचा आवाज मीसुद्धा विसरलो होतो. माझ्या आठवणीत तो जाड होता. खरा किती हलका आहे.

मग मी बाकीची ऐकली. सगळी. त्यात काय आहे ते मला माहीत होतं असं मला वाटत होतं, पण नव्हतं. माइक त्याच्या कानांवर होते. 'अकरा मिनिटांचं' सुरू झाल्यापासून गाण्याच्या खाली त्याचा श्वास ऐकू येतो. आधी जड, मग छोटा छोटा. एकदा तो कण्हतो आणि लगेच थांबतो, टेप खराब होईल म्हणून. लांबून, कठड्याकडून, कोणीतरी बेसूर गातंय. तो मी. शेवटच्या गाण्याच्या टाळ्या विरतात आणि मग तो बोलतो, अगदी हळू.

"झालं का रे? आता बोलू?"

आणि माझा आवाज, "थांब, आधी बंद करतो." मग खट्‌.

मग मी काय केलं ते सांगतो. मला त्याची लाज वाटते. मी दोन डेक जोडले. नवी कॅसेट घातली, पार्किंगमधली चार मिनिटं उतरवली, आणि "टेप फुकट घालवू नको" यानंतर पॉज दाबला. मुलीला बाप मिळणार होता, हसरा, फुग्याची आठवण काढणारा. आणखी काय हवं? कोणाला काय मिळणार होतं बाकीचं ऐकून? असं मी स्वतःला समजावत होतो.

नीलाने ती चार मिनिटं ऐकली, डोळे पुसले आणि विचारलं, "आणि दुसरी?"

"दुसरीचं काय?"

"काही नाही. तू तीसुद्धा पुसशील, म्हणून विचारलं."

शनिवारी दुपारी मी एकटाच गेलो. एका खिशात साफ कॉपी, दुसऱ्या खिशात मूळ टेप. ती का घेतली होती ते मला अजून नीट सांगता येत नाही. घरात ठेवली तर हात तिच्याकडे जाईल, एवढं खरं.

वहिनींनी चहा ठेवला होता. त्या आता एका बँकेत नोकरी करत होत्या, बारीक झाल्या होत्या. दीपा टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसली, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. मी कॅसेट लावली.

"टेस्टिंग, टेस्टिंग."

पोरीने आईकडे पाहिलं. मग पुन्हा टेपरेकॉर्डरकडे. पुऱ्यांचं ऐकून ती फिस्सकन हसली, आणि प्रसन्न हसला तशी एकदम गप्प झाली. फुग्याचं आलं तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. संपल्यावर म्हणाली, "अगेन." दुसऱ्यांदा ऐकली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा ती त्याच्याबरोबर म्हणायला लागली, "आठवण कर हां मला." आमच्याशी इंग्रजीत बोलणारी मुलगी, हुबेहूब नागपुरी हेल काढून.

वहिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. कपाळावर आठी होती.

"भावजी, पुढे?"

"पुढे शो आहे, वहिनी. नुसती गाणी."

"त्यात तो नाही?"

"त्यात कसा असेल? टोपी त्याच्या डोक्यावर होती. टोपीवाला बोलत नाही."

हे म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हणालो ते. वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

"टोपी त्याच्या डोक्यावर कशी? त्या दिवशी पाळी तुमची होती. निघताना मला म्हणाला होता, सुलू, आज मला सुट्टी आहे, आज मी गाणार."

दीपाने पुन्हा बटण दाबायला हात पुढे केला, वहिनींनी तो हळूच धरला. "दीपू, तू खोलीत जाऊन थोडा वेळ चित्र काढ. मग पुन्हा ऐकू." ती कुरकुरली, पण गेली.

मी खिशातून दुसरी कॅसेट काढली. "वहिनी, मी तुम्हाला खोटं सांगितलं," मी म्हणालो. "पाळी मी बदलून घेतली. तो काही बोललाच नाही असं सांगितलं तेही खोटं. हिच्यात आहे सगळं. दुसरी बाजू. ऐकायची का ते तुम्ही ठरवा."

त्यांनी ठरवायला वेळ घेतला नाही. कॅसेट लावली, आवाज कमी केला, आणि रेकॉर्डरला कान लावून जमिनीवर बसल्या. मी कोचाच्या कडेला. "शैल्या, अरे ऐक ना, मला जरा..." आणि माझं "श्श." त्यांनी डोळे मिटले. ते तीन सूर, अकरा मिनिटं, मग दोन गाणी. त्या गाणं ऐकत नव्हत्या, त्याच्या खालचं ऐकत होत्या, आणि त्यांचा स्वतःचा श्वास त्याच्याबरोबर छोटा होत गेला. मला उठून पळून जावंसं वाटत होतं. मी बसून राहिलो.

"झालं का रे? आता बोलू?"

"थांब, आधी बंद करतो."

खट्‌.

टेप नुसती फिरत राहिली. त्यांनी ती थांबवली नाही.

"बंद केल्यावर काय म्हणाला?"

दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं, कारण तो काही बोललाच नव्हता असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"म्हणाला, छातीत दुखतंय रे, मघापासून. आणि म्हणाला, सुलेखाला फोन कर. गेटजवळ फोन होता, वहिनी. मी केला नाही. मला वाटलं, आधी त्याला नेऊ, मग करू. आणि मग केला तेव्हा हे सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मघापासून म्हणजे कधीपासून."

"कधीपासून?"

"वीस मिनिटं. जास्तच."

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "वहिनी, मला माफ..." आणि त्यांनी हात वर केला. ओठांवर बोट नाही ठेवलं. नुसता हात.

"तुमच्यासाठी थांबला तो," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यासाठी जे बोलला, ते तुम्ही दीड वर्ष खिशात ठेवलंत."

मी मान खाली घातली.

त्यांनी टेप थांबवली, कॅसेट बाहेर काढली. केसातली पिन काढून तिचं टोक कॅसेटच्या पाठीवरच्या पहिल्या पाकळीत घातलं आणि ती पाकळी तोडली. मग दुसरी. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता हिच्यावर कोणाला काही भरता येणार नाही. दीपा मोठी झाली की सगळी ऐकेल."

प्लास्टिकचे दोन काळे कपटे टेबलावर पडले होते. मी सवयीने ते गोळा करायला हात पुढे केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आता काही साफ नका करू."